टायरातलं हिरवं पाणी

काही पंक्चरं प्रामाणिक असतात. खिळा घुसतो, फुस्स होतं, गाडी एका अंगाला कलते आणि आता बाह्या सरसावल्याशिवाय सुटका नाही हे जागच्या जागी कळतं. दुसऱ्या जातीची पंक्चरं एवढं सौजन्य दाखवत नाहीत. त्यांना आवाज नसतो, मुहूर्त नसतो आणि शोधायला गेलं तर ठिकाणही नसतं. या शनिवारी टणक असलेला टायर पुढच्या शनिवारी रिमच्या ओझ्याखाली पसरून बसलेला असतो. हवा भरली की उभा राहतो, तासभर इमानाने धावतो आणि मग आठवडाभर कुणाच्या नकळत खचत जातो. रोज मरे त्याला कोण रडे! आपणही रडत नाही. फक्त गॅरेजात खुंटीवर टांगलेला पंप एक दिवस खाली उतरतो आणि परत वर जातच नाही.

गवत कापायची गाडी हे या दुसऱ्या जातीचं माहेरघर. गाडी म्हणजे इकडे अमेरिकेत जिला रायडिंग मोअर म्हणतात ती, बसून चालवायची. आपल्याकडे गवत कापायचं यंत्र म्हटलं की जिमखान्यावरचा किंवा एखाद्या बंगल्यातला माळी ढकलत नेतो ते डोळ्यांपुढे येतं. हे तसं नाही. याला स्टिअरिंग आहे, सीट आहे, पेला ठेवायला खोबण आहे, पुढे दिवेसुद्धा आहेत. (रात्री गवत कोण कापतं, हे मला अजून दिसलेलं नाही.) पोटाखाली पात्यांची मोठी थाळी लोंबत असते आणि वर बसलेल्या माणसाला आपण ट्रॅक्टर चालवतोय असं वाटतं. तसं वाटावं म्हणूनच निम्मे लोक ती घेतात असा माझा संशय आहे.

तिची पुढची चाकं साधारण १५ इंच उंचीची, मागची २० इंच. रबर पातळ, कारण ओझं एका माणसाचं आणि वेग ताशी सात-आठ किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. हवा इतकी कमी की आपल्याकडच्या पंक्चरवाल्याला आकडा सांगितला तर तो आधी आपल्याकडे आणि मग घड्याळाकडे बघेल. पुढे १४ पौंड, मागे १०. कारच्या टायरात ३०-३५ पौंड असतात हे लक्षात घेतलं म्हणजे यात हवा नसून हवेची आठवण आहे असं म्हणायला हरकत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. टायर मऊ असला की खालची हिरवळ दबत नाही, चाकोऱ्या उमटत नाहीत. पण ट्यूबलेस टायरची कड रिमवर दाबून धरायचं काम आतली हवाच करते, आणि दहा पौंडांची हवा ते काम अर्ध्या मनाने करते. त्यात ओलं गवत कडेशी चिकटतं, खताचे दाणे जातात, रिमला गंज धरतो. मग हवेला वाट शोधावी लागत नाही, तिला ती आयती मिळते.

बरं, हवा थोडी कमी असली तर बिघडलं कुठे, असं म्हणायची सोय नाही. पात्यांची थाळी गाडीच्या सांगाड्याला टांगलेली असते. डावं चाक बसलं की थाळी डावीकडे कलते आणि त्या बाजूचं गवत मुळापर्यंत खरवडलं जातं, उजवीकडचं उंच राहतं. सगळ्या हिरवळीवर पट्टे उमटतात. तुमच्या कुठल्या चाकात हवा कमी आहे हे रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाचता येतं.

आणि शेजारी वाचतात. इथे गवत ही खाजगी बाब नाही. १८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव साफ कातरायचं यंत्र असे, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे जमिनीलाही कापडाइतकं गुळगुळीत करावं हे वेड जवळजवळ दोनशे वर्षांचं आहे. अमेरिकेने त्याला सामाजिक कर्तव्याचं रूप दिलं. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. तिथे दर आठवड्याला गवत कापायची अट घरासोबतच येत असे. २००५ साली क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांची मदत घेऊन अमेरिकेतली हिरवळ मोजली, तेव्हा ती सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर भरली. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र नुसता कापायला वाढवायचा, असा हा कारभार आहे.

आमच्या वाट्याला त्यातला दीड एकर आला आहे. कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या बाहेर, जिथे शहर संपून माळरान सुरू होतं तिथे. घरापुढे हिरवळ, मागे खडी टाकलेली वाट आणि त्यापलीकडे कोरडं, करडं रान. उन्हाळ्यात वणव्याची भीती असते म्हणून तेही कापावं लागतं. माझे वडील, आप्पा, सांगोल्याहून पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी ही जागा पावलांनी मोजली आणि चहाला बसताना जाहीर केलं, “साठ गुंठं भरतंय. डाळिंबाची चारशे झाडं आरामात बसतील.” मी म्हटलं, “आप्पा, इथे डाळिंब लावत नाहीत, गवत लावतात.” त्यावर ते काही बोलले नाहीत. बशीत चहा ओतून घेतला. सांगोल्याच्या माणसाला पाणी देऊन गवत वाढवणं आणि मग पेट्रोल जाळून ते कापणं पटवून द्यायला जी भाषा लागते ती माझ्याकडे नव्हती.

गाडीच्या बसलेल्या चाकांकडे त्यांचं लक्ष गेलं ते मात्र मनापासून. शेतकऱ्याला यंत्राच्या गरजेबद्दल शंका असू शकते, पण यंत्र नादुरुस्त पडलेलं त्याला बघवत नाही. ते उकिडवे बसले, चाकावरून हात फिरवला आणि “हात्तिच्या!” म्हणून बोट मागे घेतलं. चिमटीत धरून एक काटा ओढून काढला, तळहातावर ठेवून उलटासुलटा बघितला, आणि परदेशात गाववाला भेटल्यावर चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

“आरं, हा तर सराटा!”

सराटाच होता. इकडचे लोक त्याला बोकडाचं डोकं म्हणतात, कारण दोन काट्यांची शिंगं दिसतात. वनस्पतिशास्त्रात ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, वैद्यांच्या भाषेत गोक्षुर, आणि आपल्या बायाबापड्यांचा काटेगोखरू. जमिनीलगत पसरणारा वेल, पिवळं पाच पाकळ्यांचं निरागस फूल, आणि त्या फुलाचं जे फळ होतं ते वाळलं की पाच तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याला दणकट काटे. तुकडा कसाही पडो, एक काटा आभाळाकडे तोंड करून उभा असतोच. भूमध्य समुद्रापासून आपल्यापर्यंतच्या उष्ण मुलखातली ही वनस्पती अमेरिकेच्या पश्चिम भागात आली आणि सायकलवाल्यांच्या, कुत्र्यांच्या पंजांच्या आणि गवत कापायच्या गाड्यांच्या मुळावर उठली. कोलोरॅडोच्या नकोशा तणांच्या सरकारी यादीत तिचं नाव आहे. तिला आवरायला १९६१ मध्ये दोन जातींचे सोंडकिडे अमेरिकेत आणून सोडण्यात आले. एक खोड पोखरतो, दुसरा बी. या किड्यांचं मूळ वस्तीस्थान इटली, फ्रान्स आणि भारत. अडचण एवढीच की थंडी कडक पडली की ते तग धरत नाहीत. आप्पाही ऑक्टोबरात परत जातात.

या काट्याची गंमत म्हणजे एकाच गावात एका दुकानात त्याला मारायचं औषध मिळतं आणि चार दुकानं सोडून पलीकडे त्याच्याच कॅप्सूल मिळतात, व्यायामशाळेतल्या तरण्या पोरांसाठी. आपल्याकडे तो दशमुळांत बसला आहे, गोक्षुरादि गुग्गुळात आहे, लघवी साफ होण्यासाठी वैद्य तो देत आले आहेत. आप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे हे लोक पायात मोडला की शिव्या देतात आणि पोटात गेला की पैसे देतात.” यात भर घालावी असं मला काही सुचलं नाही.

तर चाकांत सराटे. एखाददुसरा नव्हे, रबरावर ठिकठिकाणी त्यांचे डोळे दिसत होते. अशा टायराचं पंक्चर काढणं म्हणजे काय? आपल्याकडची रीत आप्पांना तोंडपाठ. ट्यूब बाहेर काढायची, घमेल्यात पाणी घ्यायचं, ट्यूब फुगवून वीतवीत बुडवत न्यायची, बुडबुडा आला की तिथे बोट. मग कानशीने घासायचं, सोल्युशन लावायचं, फुंकर घालत वाळू द्यायचं, ठिगळ चिकटवून हातोडीने ठोकायचं. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट, तिथून तर जात नाही ना हे बघायला. पण इथे ट्यूबच नाही. ट्यूबलेसला दोरी ठासतात तशी ठासायची, तर किती ठिकाणी? पातळ रबराची चाळण झालेली.

या पेचात पलीकडचे आजोबा आले. कोलोरॅडोच्या पूर्वेकडच्या पठारावर जन्मभर गहू पिकवून आता निवृत्त झालेले. हातात एक बाटली. आत हिरवंगार काहीतरी.

ते टायरात भरायचं लिक्विड होतं. दिसायला अळवाचं फदफदं. आप्पांनी बाटली उन्हाकडे धरून बघितली आणि म्हणाले, “शेंगदाणे तेवढे घालायचे ऱ्हायलेत.” मी त्याचं भाषांतर केलं नाही.

या हिरव्या रसायनाची करामत मात्र खरोखर ऐकण्यासारखी आहे. त्यात मुख्यतः पाणी आणि ग्लायकॉल असतं. ग्लायकॉलमुळे ते हिवाळ्यात गोठत नाही आणि लवकर वाळत नाही. त्या दाट द्रवात बारीक तंतू आणि रबराचा भुगा तरंगत असतो. चाक फिरू लागलं की हे सगळं टायरच्या आतल्या अंगाला सारवलं जातं. कुठे भोक असेल तर तिथून बाहेर पळणारी हवा हा द्रव आपल्याबरोबर ओढत नेते. तंतू भोकात आडवे अडकतात, त्यांना रबराचे कण अडतात, त्या कणांमागे आणखी तंतू, आणि बघता बघता वाट बंद. म्हणजे पळून जाणारी हवाच जाता जाता आपल्यामागे दार लावून घेते. गळती नसेल तर लिक्विड काहीच करत नाही, नुसतं पडून राहतं. यातच त्याचा दुसरा उपयोग आहे. आधीच भरून ठेवलं तर पुढच्या मोसमातला काटा घुसेल त्या क्षणी ते कामाला लागतं आणि मालकाला कळतसुद्धा नाही.

आणखी एक जात असते, तिच्यात रबराचा चीक असतो. तो भोकाशी हवा लागताच गोठतो. ट्यूबलेस सायकलवाल्यांचं त्यावर प्रेम आहे, पण तो काही महिन्यांतच वाळून जातो आणि पुन्हा भरावा लागतो. वर्षातले पाच महिने गॅरेजात झोपणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तिला हिरवंच बरं. स्लाइम नावाचा कॅलिफोर्नियातला ब्रँड १९८९ पासून हे विकतो आहे, आणि त्याचा रंग इतका डोक्यात बसला आहे की दुसऱ्या रंगाची बाटली घेताना लोकांना ती भेसळीची वाटते.

भोक बुजवायला भलताच पदार्थ वापरण्यात आपण काही मागे नाही. डिझेलची टाकी पाझरायला लागली तर आंघोळीच्या साबणाची वडी घासून पुढच्या गावापर्यंत ट्रक नेणारे ड्रायव्हर मी लहानपणी पाहिले आहेत. बादलीच्या बुडाला डांबर, पत्र्याच्या छपराला डांबर, आणि डांबर नसेल तेव्हा पुन्हा साबण. आणि टायरात पाणी भरणं हेसुद्धा आप्पांना नवं नव्हतं. सांगोल्यात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात, नांगरटीला वजन मिळावं म्हणून. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. ते म्हणाले, आम्हीही भरायचो, पण इथे पाणी गोठतं, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालायचो, त्याने रिम गंजून जायची. आता लोक बिटाचा रस भरतात. तो गोठतही नाही आणि गंजवतही नाही. आप्पांनी हे दोनदा वदवून घेतलं. ट्रॅक्टरच्या टायरात बिटाचा रस! सांगोल्यात परतल्यावर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, पण ही गोष्ट खरी आहे.

लिक्विड भरण्याचा विधी सोपा आहे. दिसतील तेवढे काटे पक्कडीने उपटायचे. व्हॉल्व्ह तळाशी राहणार नाही असं चाक फिरवायचं, नाहीतर तो द्रव उलटा तोंडावर येतो. छोट्या किल्लीने व्हॉल्व्हची पिन काढायची, उरलीसुरली हवा जाऊ द्यायची, मग बाटलीची नळी लावून पिळायचं. किती, याचं कोष्टक बाटलीवरच छापलेलं असतं. पिन परत बसवायची, हवा भरायची, आणि मग लगेच गाडी चालवायची. हे शेवटचं महत्त्वाचं. भरून तशीच उभी केली तर सगळं फदफदं तळाला साचून राहतं आणि वरची भोकं मोकळीच.

आता गाडी चालवायची म्हटल्यावर कुणी, हा प्रश्न उरला नाही. आप्पा आधीच सीटवर होते. पाती बंद ठेवून त्यांनी धोतराचा सोगा सावरत हिरवळीला जी प्रदक्षिणा सुरू केली ती पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला तरी थांबेना. गवत कापणं नाही, माल वाहणं नाही, कुठे पोहोचायचं नाही, नुसतं फिरायचं. आजोबांनी दर फेरीला हात हलवला, आप्पांनी दर फेरीला रामराम घातला. दरम्यान टायरांवर मौज चालली होती. जिथे जिथे काटा घुसला होता तिथे तिथे एकेक हिरवा ठिपका उगवत होता आणि थोड्या वेळाने थिजत होता. ठिपका दिसला की समजायचं, एक भोक बुजलं. असा हिशेब दुसरं कुठलं औषध देत नाही.

तीन चाकं त्या दिवसापासून ठणठणीत झाली. चौथं, मागचं उजवं, पुन्हा बसलं.

इथे लिक्विडवाले आणि पंक्चरवाले यांच्यातला जुना मतभेद समोर आला. लिक्विडला निदानाची गरज नसते. कुठे आहे, काय आहे, कशाने झालं, या चौकशीत ते पडत नाही. याचा त्याला फायदाही होतो आणि तोटाही. आप्पा घमेल्यातल्या बुडबुड्यांच्या परंपरेतले. दिसल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांनी वाटीभर पाण्यात भांडी घासायचा साबण कालवला, जुना दाढीचा ब्रश घेतला आणि त्या चाकाला बारशाच्या बाळाचे असतील इतके लाड करत फेस लावला. रबरावर कुठेच बुडबुडा नाही. व्हॉल्व्हवर नाही. पण रिमच्या कडेला, वीतभर लांबीत, साबणाचे बारीक बारीक फुगे येत राहिले. काटा नव्हताच तिथे. गंज होता. लिक्विड चाकाच्या घेरावर सारवलेलं, आणि हवा चालली होती बाजूच्या कडेतून. औषध एका खोलीत आणि रोगी दुसऱ्या खोलीत.

मग टायरची कड रिमवरून सुटी करावी लागली, तारेच्या ब्रशने गंज खरवडावा लागला, कडेला लावायचं काळं रबरी सोल्युशन लावावं लागलं. एवढं झाल्यावर खरं नाटक सुरू होतं. छोटा ट्यूबलेस टायर एकदा रिमवरून सुटला की पंपाने भरलेली हवा दोन्ही कडांनी निघून जाते, टायर फुगायचं नाव घेत नाही. यावर इकडे एक आचरट उपाय प्रचलित आहे. आत ज्वालाग्राही फवारा मारायचा आणि काडी लावायची, भडका उडतो, टायर धाडकन जागेवर बसतो. कधी कधी भुवया जागेवर राहत नाहीत. आजोबांनी तरुणपणी तो केला होता असं ते डोळे मिचकावत म्हणाले. आप्पांनी मात्र सामान बांधायचा पट्टा मागितला. तो टायरच्या घेरावर मधोमध गुंडाळून आवळत नेला, तशा दोन्ही कडा फुगून बाहेर सरकल्या आणि रिमला टेकल्या. मग पंप. ‘टप्प’ असा आवाज, लगेच दुसरा ‘टप्प’. पट्टा वेळेवर सैल केला. “बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना बघितलंय मी,” ते म्हणाले, “तिथे लोखंड तापवून आवळतात, इथे पट्ट्याने. आवळायचंच असतं सगळीकडं.”

हवेच्या चाकाचं हे दुखणं जन्मजात आहे. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेविशीतल्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची पिशवी आत आणि बाहेरून चामडं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८८७-८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तोच शोध पुन्हा लावला, पेटंटही मिळवलं, आणि थॉमसनचं आधीचं निघाल्यामुळे ते रद्द झालं. लाकडी आणि लोखंडी चाकं हाडं खिळखिळी करत असत, पण त्यांना पंक्चर नव्हतं. ते हवेबरोबर आलं. तेव्हापासून एक फौज हवा आत ठेवायच्या मागे आणि दुसरी हवेशिवाय भागवायच्या मागे. २००५ मध्ये मिशलिन कंपनीने ट्वील नावाचं बिनहवेचं चाक दाखवलं, त्यात हवेच्या जागी लवचीक आरे असतात. गवत कापायच्या मोठ्या गाड्यांना ते आता मिळतंही. त्याची किंमत ऐकल्यावर हिरव्या बाटलीबद्दलचा माझा आदर दुणावला.

एक वर्ग असा आहे की ज्याला या बाटलीबद्दल काडीचाही आदर नाही. टायर बदलून देणारे दुकानदार. त्यांची बाजू मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. बिचारा माणूस टायर रिमवरून उचकटतो आणि आतून ते फदफदं त्याच्या बुटांवर, यंत्रावर, फरशीवर सांडतं. जुनं झालं असेल तर गुठळ्या झालेल्या असतात, पिनही कधी कधी बुजलेली असते. काही जण सफाईचे वेगळे पैसे घेतात, काही सरळ नाही म्हणतात. त्यात गाडी कार असेल तर त्यांचा राग दुप्पट, आणि तोही रास्त. हमरस्त्याच्या वेगात टायरमधलं लिक्विड जरा जरी असमान पसरलं तरी चाक थरथरायला लागतं. म्हणून कारमध्ये ते अडीअडचणीला, दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतं. हल्ली पुष्कळ गाड्यांत जादा चाकाऐवजी असा डबाच ठेवलेला असतो, तो त्याच हिशेबाने. डबा वापरून वर्षभर तसंच फिरायचं नसतं.

गवत कापायच्या गाडीला मात्र या वेगाच्या गोष्टी लागू नाहीत. ती कुठे जातच नाही. तिचं सगळं आयुष्य एका कुंपणाच्या आत जातं आणि तिची चाकं थरथरली काय आणि न थरथरली काय, वर बसलेल्या माणसाचा पेला तसाही हिंदकळतच असतो. तिच्या चाकांना सराट्याच्या सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकांसाठी हिरवं पाणी पुरेसं आहे आणि योग्यही आहे. ज्यांना निदान झाल्याशिवाय औषध घेणं पसंत नाही त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण चाळण झालेल्या टायरापुढे ती निष्ठा टिकत नाही. आप्पांनीही तीन चाकांपुरतं हे मान्य केलं. चौथ्याचं श्रेय ते अजून साबणाला देतात.

पुण्या-नाशिकच्या दुकानांतही आता स्कूटरच्या टायरात भरायचं अशाच जातीचं लिक्विड मिळतं, तेव्हा घेणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ट्यूबसाठीचं आणि ट्यूबलेससाठीचं वेगळं असतं, बाटलीवरचं वाचून घ्या. टायरची बाजू फाटली किंवा चिरली असेल तर त्यावर ते चालत नाही, तिथे पैसे घालवू नका. साधारण दोन वर्षांनी त्याचा दम संपतो. व्हॉल्व्हची पिन काढायची किल्ली बऱ्याच बाटल्यांच्या टोपणातच बसवलेली असते, टोपण कचऱ्यात टाकू नका. कुत्रं पाळलेलं असेल तर सांडलेलं लगेच धुऊन काढा, कारण ग्लायकॉलच्या काही जाती चवीला गोड आणि विषारी असतात. आणि टायर बदलायला न्याल तेव्हा आत हिरवं पाणी आहे हे दुकानदाराने टायर उचकटायच्या आधी त्याला सांगा.